जुनी शिडाची बोट घेताना : पारख मालाची, हिशेब खर्चाचा

जुना माल घेऊन तो कामाला लावणे हे आपल्या लोकांना नवे नाही. १९८२ च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, तेव्हा कितीतरी जुने माग भिवंडी-मालेगावच्या शेडमध्ये येऊन पुन्हा खडखडू लागले. ज्याने मागाचा सांगाडा, शाफ्ट आणि बेअरिंग पाहून सौदा केला तो तरला. ज्याने वरचा ताजा रंग पाहून पैसे मोजले तो वर्षभर सुट्या भागांच्या दुकानात उभा राहिला. माल कोणताही असो, जुन्या मालाचा कायदा एकच आहे. खरेदीची किंमत ही पहिली किंमत असते, शेवटची नव्हे.

आज या पानावर अशाच एका जुन्या मालाची चर्चा करावयाची आहे. तो म्हणजे घरगुती प्रवासाची छोटी शिडाची बोट. वाचक बंधू विचारतील, कापडवाल्याचा आणि कारागिराचा बोटीशी संबंध काय? संबंध दुहेरी आहे. एक तर रत्नागिरी-रायगडकडचे आपले अनेक तरुण बोटीवर नोकरी करतात, आणि कोकणातली बरीच कुटुंबे विलायतेत स्थायिक आहेत. तिथे अशा जुन्या बोटींचा मोठा बाजार भरलेला असतो आणि हाती चार पैसे आले की मन तिकडे धावते. दुसरे असे की, या एका वस्तूत कापड, पितळ, पोलाद, लाकूड आणि इंजिन असा पाच कारागिरांचा माल एकत्र येतो. ज्याला ही बोट तपासता आली त्याला कोणताही जुना माल तपासता येईल.

माल काय आहे?

साधारण २२ ते ३० फूट लांबी, आत चार माणसांची झोपण्याची सोय, लहानसा चुलीचा कट्टा, एक शौचकूप, वर डोलकाठी आणि शिडे, आणि वारा पडला तर कामाला येणारे छोटे डिझेल इंजिन, असा या बोटीचा थाट. ही मासेमारीची नव्हे आणि शर्यतीचीही नव्हे. बालबच्चे घेऊन किनाऱ्याकिनाऱ्याने चार दिवस जाऊन यावे, एवढाच तिचा उपयोग.

१९६० ते १९८० च्या दशकांत ब्रिटनमधील कारखान्यांनी अशा बोटी फायबर ग्लासमध्ये हजारोंनी काढल्या. लाकूड कुजते, लोखंड गंजते, पण फायबरचे अंग पन्नास वर्षांनीही उभे राहते. परिणाम असा झाला की जुन्या बोटी संपल्या नाहीत, त्यांचे पहिले मालक मात्र म्हातारे झाले. माल भरपूर आणि गिऱ्हाईक थोडे, म्हणून भाव खाली.

उदाहरणासाठी एकच नग घेऊ. वेस्टर्ली कंपनीची ‘सेंटॉर’ ही २६ फुटी बोट १९६९ ते १९८० या काळात बनली आणि तिचे सुमारे २,४०० नग निघाले. आराखडा लॉरेंट जाइल्स या नामांकित संस्थेचा. हिला खाली एक खोल कणा नसून दोन आखूड कणे आहेत, त्यामुळे ती जेमतेम तीन फूट पाण्यात तरते आणि ओहोटीला चिखलावर दोन पायांवर उभी राहते. आपल्या कोकणच्या खाड्यांत ओहोटीला होडी कलू नये म्हणून टेकू द्यावे लागतात. इंग्लंडच्या किनाऱ्यावरही अशीच ओहोटीत रिकामी होणारी बंदरे पुष्कळ, म्हणून ही बोट तिथे घरोघरी गेली. आज अशी बोट काही हजार पौंडांत मिळते, आणि कधी कधी ‘घेऊन जा, पैसे नकोत’ असेही ऐकू येते.

इथेच व्यापाऱ्याने कान टवकारले पाहिजेत.

फुकट माल महाग का पडतो?

बोट विकत घेतली की ती ठेवायची कुठे? धक्क्याचे भाडे बोटीच्या किमतीवर नसते, लांबीवर असते. तीन हजार पौंडांच्या २६ फुटी बोटीला आणि तीस हजारांच्या २६ फुटी बोटीला भाडे सारखेच. ‘वर्षाला किमतीच्या दहा टक्के खर्च धरा’ असा एक ठोकताळा लोक सांगतात. तो महाग बोटीला कदाचित लागू पडेल. स्वस्त बोटीला धरला तर हिशेब साफ बुडतो, कारण तिचा वर्षाचा खर्च खरेदीच्या निम्मा किंवा बरोबरीचाही होऊ शकतो. धक्का, विमा, हिवाळ्यात क्रेनने बाहेर काढून ठेवणे, बुडाला शेवाळ आणि शिंपले धरू नयेत म्हणून दरसाल विशेष रंग, हे सारे चुकत नाही.

आणि टाकून द्यावी म्हटले तर? फायबर कुजत नाही, जळवता येत नाही, भंगारवाला घेत नाही. तोडून नेण्याचेही पैसे मालकालाच भरावे लागतात. फ्रान्सने २०१९ पासून जुन्या बोटी तोडण्यासाठी खास व्यवस्था सुरू केली आणि तिचा भार नव्या बोटींच्या विक्रीवर टाकला, यावरून दुखणे किती मोठे आहे ते समजते. म्हणजे फुकट बोट देणारा मेहेरबानी करीत नसतो, तो आपल्या डोक्यावरचे ओझे तुमच्या डोक्यावर ठेवीत असतो.

शीड : हा तर आपलाच माल

बोटीचे शीड म्हणजे कापड. आणि कापडाला हात लावल्याशिवाय आपण भाव बोलत नाही.

पूर्वी शिडे कापसाची असत. ओल धरली की बुरशी, आणि बुरशी लागली की धागा गेला. १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघांनी पॉलिएस्टरचा धागा शोधून काढला. तोच पुढे टेरिलीन म्हणून बाजारात आला आणि अमेरिकेत त्याच जातीच्या धाग्याला डेक्रॉन नाव पडले. आपण टेरिकॉटचे तागे विकले, त्यातला ‘टेरी’ हा त्याच घराण्यातला. शिडाचे पॉलिएस्टर मात्र अतिशय घट्ट विणतात आणि वर राळेचा थर देऊन कडक करतात, म्हणजे वाऱ्याच्या ओढीने ते ताणले जाऊ नये. कोणतेही विणलेले कापड ताण्यात किंवा बाण्यात ओढले तर कमी ताणते आणि तिरपे ओढले तर जास्त, हे शिंप्याच्या पोराला ठाऊक असते. म्हणून शीड बनविणारा पट्टे अशा दिशेने जोडतो की मागच्या मोकळ्या काठावरची ओढ बाण्याच्या धाग्यांवर सरळ यावी.

एक गंमत. अमेरिकेत शिडाच्या कापडाचे वजन औंसांत सांगतात, पण ते चौरस वाराचे नव्हे. ३६ इंच लांब आणि २८½ इंच पन्ह्याच्या तुकड्याचे वजन ते धरतात. विलायती आणि अमेरिकन मालाची तुलना करताना हा फरक ध्यानात न घेणारा फसतो.

जुने शीड तपासताना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, कापड हातात चुरगळून पाहा. चांगल्या शिडाचा कागदासारखा आवाज येतो, आणि जे रुमालासारखे मऊ झाले त्याची राळ गेली. दुसरी, शिवण. शिडाचे कापड बहुधा आधी मरत नाही, शिवणीचा दोरा मरतो. तो कापडाच्या वर उठून असतो, त्यामुळे उन्हाचा आणि घासण्याचा मार त्यालाच बसतो. नखाने शिवण खरवडा, दोरा तुटला तर संपूर्ण शीड पुन्हा शिवावे लागेल. तिसरी, पुढचे शीड गुंडाळून ठेवलेले असते, तेव्हा जो काठ उन्हात राहतो त्यावर रंगीत पट्टी लावलेली असते. ती फाटली असेल तर आतला काठ उन्हाने भाजलेला समजा. चौथी, शीड चढवून पाहा. ताणून पोट सुटलेले शीड बोटीला पुढे कमी नेते आणि बाजूला जास्त कलवते.

अंग आणि कणा

फायबर कुजत नसले तरी पाणी पिते. वर्षानुवर्षे पाण्यात राहिलेल्या बोटीच्या बाहेरच्या गुळगुळीत थरातून पाणी हळूहळू आत झिरपते, आतल्या रसायनाशी मिळून आंबट द्रव होते आणि बुडावर फोड उठतात. फोड फोडला तर सिरक्यासारखा वास येतो. चार-दोन फोड म्हणजे बोट मेली असे नव्हे, पण बुड फोडांनी भरले असेल तर वरचा थर सोलून, अंग कित्येक आठवडे वाळवून, नवा लेप द्यावा लागतो. हे काम स्वस्त बोटीच्या किमतीपेक्षा महाग पडू शकते.

बोटीचे छत, ज्यावर आपण चालतो, ते पुष्कळ बोटींत फायबरच्या दोन थरांमध्ये हलके लाकूड भरून केलेले असते. खिळ्या-पट्ट्यांच्या भोकांतून पाणी शिरले की ते लाकूड आतल्या आत कुजते. तपासणी आपल्या कुंभाराच्या पद्धतीची आहे. मडके जसे बोटाने वाजवून घेतो तसे लहान हातोडीच्या दांड्याने ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, बद्द आवाज आला तर आत कुजले आहे.

सर्वांत जोखमीची जागा म्हणजे कणा अंगाला जिथे बोल्टने जोडला आहे ती. सेंटॉरच्या खरेदीतही दोन्ही कण्यांच्या मुळाशी केसासारख्या भेगा आहेत का, हे जाणकार आधी पाहतात. ही बाब किती गंभीर आहे याचा दाखला २०१४ सालचा आहे. ‘चीकी रफीकी’ नावाची ४० फुटी बोट अँटिग्वाहून इंग्लंडला परतत असताना अटलांटिकमध्ये तिचा कणाच निखळला आणि चारही खलाशी गेले. बोट काही पुराणी नव्हती, २००६ ची बांधणी. ब्रिटनच्या अपघात तपासणी विभागाने २०१५ च्या अहवालात म्हटले की, आधी कित्येक वेळा तळाला लागल्यामुळे आणि नंतरच्या दुरुस्त्यांमुळे कण्याजवळचा सांगाडा कमजोर झालेला असू शकतो. म्हणून विकणाऱ्याला सरळ विचारावे : बोट कधी खडकावर लागली होती काय? दुरुस्ती कोणी केली? पावती आहे काय? वरून गुळगुळीत दिसणारी दुरुस्ती हीच सर्वांत जास्त तपासण्याची जागा.

तारा, पितळ आणि इंजिन

डोलकाठी ज्या पोलादी तारांनी उभी असते त्या बहुधा एकोणीस पदरांच्या असतात. जुने सुती फडके घेऊन तार वरून खाली पुसत यावे. धागा अडकला की समजावे, पदर तुटला आहे. एक पदर तुटलेला असेल तर संपूर्ण तार बदलायची, गाठ मारायची नाही. दहा-बारा वर्षांहून जुन्या तारा असल्या तर विमा कंपन्या प्रश्न विचारतात, मग त्या वरून कितीही चमकोत.

पाण्याखाली बोटीला मुद्दाम ठेवलेली भोके असतात. इंजिनाला थंड पाणी घेण्यासाठी एक, शौचकुपासाठी दोन, असे. प्रत्येकावर झडपेचा नळ असतो. हे नळ कांस्याचे किंवा जस्त न सुटणाऱ्या खास पितळेचे असावेत. साध्या पितळेतले जस्त खाऱ्या पाण्यात हळूहळू निघून जाते आणि मागे तांब्याचा सच्छिद्र सांगाडा उरतो. दिसायला नळ तसाच, पण खरवडला तर पिवळा न दिसता गुलाबी दिसतो आणि हातोडीचा हलका ठोका बसताच भुगा होतो. मोरादाबादच्या कारागिराला हे एका नजरेत कळेल. असा एक नळ रात्री तुटला तर धक्क्याला बांधलेली बोट सकाळपर्यंत तळाला गेलेली असते.

इंजिनाच्या बाबतीत एक गोष्ट पक्की ठेवा. विकणाऱ्याला आधी कळवा की मी येण्यापूर्वी इंजिन चालू करू नका. गेल्यावर पहिल्यांदा इंजिनाला हात लावा. गरम असेल तर थंड इंजिन सुरू होताना जे दुखणे दाखवते ते तुमच्यापासून लपवले गेले. काळा धूर, निळा धूर, पांढरा धूर यांचे अर्थ आपल्या ट्रकवाल्या मिस्त्रीलाही ठाऊक आहेत. तेलात दुधासारखा रंग दिसला तर आत पाणी गेले आहे. छोट्या बोटीत नवे इंजिन बसवणे हे पुष्कळदा बोटीच्या किमतीपेक्षा जास्त असते, म्हणून स्वस्त बोट घेणारा खरे तर इंजिनच विकत घेत असतो आणि बोट त्यावर मिळते.

सौदा कसा होतो?

ब्रिटनमध्ये जुन्या बोटी दलालामार्फत आणि थेट मालकाकडून, दोन्ही प्रकारे विकल्या जातात. दलालाची टक्केवारी विकणारा देतो, तेव्हा दलाल कितीही गोड बोलो, तो कोणाचा माणूस आहे हे विसरू नये. दलालामार्फत रीत साधारण अशी : भाव ठरला की दहा टक्के बयाना द्यावयाचा आणि लेखी करार करावयाचा. करारात अट असते की, पाहणी आणि समुद्रावरची चाचणी समाधानकारक निघाली तरच सौदा पुरा होईल. पाहणी करणारा सर्व्हेअर खरेदीदार आपल्या पैशाने नेमतो, बोट पाण्याबाहेर काढण्याचा खर्चही त्याचाच. मोठा दोष निघाला तर करारातल्या मुदतीत लेखी कळवून भाव कमी करून घेता येतो किंवा बयाना परत घेऊन मोकळे होता येते. मुदत टळली की हक्कही टळला.

दोन हजारांच्या बोटीवर पाचशे पौंड पाहणीला कशाला घालावेत, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी उलटा हिशेब करावा. पाहणीने सौदा मोडला तर पाचशे गेले. पाहणी नसल्याने सौदा झाला तर दोन हजार गेलेच, शिवाय इंजिन, शिडे, तारा आणि धक्क्याचे भाडे आपल्या नावावर लागले. सर्व्हेअर मात्र विकणाऱ्याच्या ओळखीचा नसावा.

कागदपत्रे

ब्रिटिश कायद्यात नोंदणीकृत जहाजाचे ६४ हिस्से मानण्याची जुनी पद्धत आहे. समाईक मालकी असेल तर कोणाचे किती हिस्से ते तिथे लिहिलेले असते, आणि सर्व हिस्सेदारांच्या सह्यांशिवाय पूर्ण बोट तुमची होत नाही. वारसांच्या वाटण्या पाहिलेल्या आपल्या लोकांना हे समजावून सांगायला नको. दुसरी एक हलकी नोंदणी छोट्या बोटींसाठी १९८३ पासून आहे. ती परदेशी बंदरात दाखवायला उपयोगी, पण मालकीचा पुरावा नव्हे. हा फरक न कळल्याने लोक त्या कागदावर विश्वास ठेवून बसतात.

म्हणून मागील विक्रीपत्रांची साखळी पाहावी, बोटीवर कर्जाचा बोजा आहे का ते तपासावे, आणि धक्का व दुरुस्ती-यार्डाची थकबाकी नसल्याचे लेखी घ्यावे. बोटीच्या बाबतीत काही देणी माणसाच्या नव्हे तर बोटीच्या मागे लागतात, नवा मालक आला तरी ती सुटत नाहीत. विक्रीकराचा, म्हणजे तिकडच्या व्हॅटचा भरणा झाल्याचा पुरावाही पाहिजे. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यापासून इकडची बोट तिकडे नेताना हा कागद अधिकच महत्त्वाचा झाला आहे. आणि कोणी ती बोट हिंदुस्थानात आणण्याचे मनात धरील, तर बयाना देण्यापूर्वी कस्टमच्या क्लिअरिंग एजंटाकडून जकात, परवाना आणि नोंदणी यांचा लेखी खुलासा घ्यावा. तोंडी उत्तरावर सौदा करू नये.

जुनी बोट, मोठा पल्ला

हे सारे वाचून जुनी बोट घेऊच नये असे वाटेल, तर तेही बरोबर नाही. आपल्या लष्कराच्या अभियंत्यांनी १९८५ ते १९८७ या काळात ‘तृष्णा’ नावाच्या ३७ फुटी शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा केली. ती बोट नवी नव्हती, दहा वर्षांहून जुनी होती. अभिलाष टॉमी या नौदलाच्या निवृत्त अधिकाऱ्याने २०२२-२३ च्या ‘गोल्डन ग्लोब’ शर्यतीत एकट्याने जगाला फेरी घालून दुसरा क्रमांक मिळवला, तो ‘रस्लर ३६’ जातीच्या जुन्या बोटीतून. तिचे नाव ‘बयानात’, आपल्या ‘बयान’ शब्दाचे अनेकवचन. त्या शर्यतीचा नियमच आहे की आराखडा १९८८ पूर्वीचा हवा.

आणि या शर्यतीला जिच्यामुळे नाव मिळाले ती ‘सुहैली’ तर आपल्या मुंबईत बांधलेली. सागवानाची ३२ फुटी बोट, १९६४ साली पाण्यात उतरली. तीच घेऊन रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८ च्या जूनमध्ये इंग्लंडहून निघाला आणि ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ रोजी, कुठेही न थांबता एकट्याने जगाला वळसा घालून परतला. असे करणारा तो पहिला माणूस. नाव अरबी खलाशांच्या बोलीतले, आखातातल्या आग्नेयेच्या वाऱ्याचे. मुंबईच्या सुतारांची मेहनत त्या लाकडात नसती तर तो परतला असता की नाही कोण जाणे. कारागिराचे नाव इतिहासात राहत नाही, त्याचा जोड मात्र राहतो.

व्यापाऱ्यासाठी सार

बोट घ्या की माग घ्या, नियम तेच. पहिला, हाती जेवढी रक्कम आहे त्याच्या निम्मीच खरेदीला लावा, उरलेली दुरुस्तीला राखून ठेवा. दुसरा, ठेवायची जागा आणि तिचे भाडे आधी ठरवा, माल नंतर. तिसरा, तपासनीस आपल्या पैशाचा असावा. चौथा, कागद पुरा नसेल तर माल कितीही चांगला असला तरी उठून यावे. पाचवा, आणि आमच्या कापडबाजारातला सर्वांत जुना : ज्या मालाचा दोष विकणारा स्वतः होऊन दाखवतो, त्याला चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही. तो दोष तुम्हाला माहीत झाला, म्हणजे त्याची किंमत करता येते. जो म्हणतो की मालात काहीच दोष नाही, त्याच्या मालाची किंमत मात्र कोणालाच करता येत नाही.